'गोना'ला फी, 'गेल्तो'ला लाल शाई

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की मराठीच्या पहिल्या निबंधाचा विषय ठरलेला असतो. सुट्टीत तुम्ही काय केले. आमची शाळा उर्दू माध्यमाची. उर्दू आणि मराठी दोन्ही विषय माझ्याकडे. आठवीतल्या एका पोरानं पहिलीच ओळ अशी लिहिली होती: 'सुट्टीत मी नानीच्या गावाला गेल्तो.' मी 'गेल्तो'भोवती लाल गोल काढला आणि वर 'गेलो होतो' लिहिलं. पुढं 'मामानं शेळी आणल्ती'. गोल. 'ती हिरीत पडल्ती'. दोन गोल. असं करत पान संपलं. वही परत दिली तेव्हा पोरगं पानाकडं बघत म्हणालं, "टीचर, चौदा." मी गोल मोजले नव्हते. त्यानं मोजले.

त्याच आठवड्यात रविवारी भावाकडं गेले होते. भाचा सांगलीत एका इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जातो. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण असे क्लास साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून मिरजेच्या स्टेशनापर्यंत गल्लोगल्ली आहेत आणि सगळ्यांचा माल एकच आहे. भाच्यानं कौतुकानं वही दाखवली. दोन रकाने. डावीकडं 'आय ॲम गोइंग टू', उजवीकडं 'आयम गोना'. डावीकडं 'वॉन्ट टू', उजवीकडं 'वाना'. 'लेट मी'चं 'लेमी', 'गिव्ह मी'चं 'गिमी', 'व्हॉट आर यू डुइंग'चं 'वॉचा डुइन'. खाली सरांचा शेरा: उजवा रकाना रोज वीस वेळा मोठ्यानं म्हणणे. डावीकडचं पुस्तकी आहे, तसं बोललात तर लोक हसतील.

भाऊ रिक्षा चालवतो. तीन महिन्यांची फी त्यानं दोन हप्त्यांत भरली होती.

मी घरी आले आणि माझी लाल पेनं बघत बसले. एका पोराला शब्द आखडून बोलता यावं म्हणून माझा भाऊ पैसे मोजतोय आणि दुसऱ्या पोरानं शब्द आखडला म्हणून मी त्याच्या पानावर चौदा गोल काढले. काम एकच. 'गोइंग टू'चं 'गोना' होतं तसंच 'गेलो होतो'चं 'गेल्तो' होतं. पहिलं स्मार्ट, दुसरं अशुद्ध. हा न्याय कुणी लावला? बाहेरून कुणी येऊन लावला असता तर भांडता आलं असतं. तो मीच लावला होता.

आता व्याकरणाकडं येते. शिक्षक आहे, सवय जात नाही.

'गेल्तो' ही जिभेची चूक आहे, आळस आहे, असं आपण समजतो. चुकीला नियम नसतो, 'गेल्तो'ला आहे. आपल्या साताऱ्या-सांगलीकडं 'गेला होता'चं 'गेल्ता', 'गेली होती'चं 'गेल्ती', 'केलं होतं'चं 'केल्तं', 'आलो होतो'चं 'आल्तो' होतं. नीट बघा. पुस्तकी रूपात लिंग-वचन दोनदा सांगितलंय: 'गेली' मध्ये एकदा, 'होती' मध्ये पुन्हा. 'गेल्ती'नं पहिलं वाक्यातून काढून टाकलं आणि दुसरं ठेवलं. माहिती कणभर कमी झाली नाही. आणि हे जोडकाम वाटेल तिथं चालत नाही. 'गेलो तर होतो' म्हणताना मध्ये 'तर' आला की 'गेल्तो' होत नाही. 'गेलो नव्हतो' याचंही होत नाही. 'मी तिथं गेलो. होतो दोन दिवस.' यातला 'गेलो' आणि 'होतो' शेजारी असले तरी पाच वर्षांचं पोरगंसुद्धा त्यांचा 'गेल्तो' करणार नाही. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. तो नियम त्याच्या कानात आहे.

इंग्रजीतही अगदी असंच. 'आयम गोना ईट' होतं, पण 'आयम गोइंग टू सांगली'चं 'आयम गोना सांगली' कधीच होत नाही, कारण तिथं 'टू' क्रियापदाचा नाही, गावाचा आहे. 'आर यू रेडी?' या प्रश्नाला 'येस, आय ॲम' असंच उत्तर द्यावं लागतं, तिथं 'येस, आयम' म्हणून थांबता येत नाही. भाच्याच्या सरांनी हे शिकवलं होतं का? नव्हतं. त्यांनी फक्त उजवा रकाना दिला होता. पण निदान त्यांनी त्या रकान्याला गोल तरी काढले नव्हते.

आमच्याकडं अजून एक लाडकं रूप आहे. 'काय करालायस?' उकलून लिहा: काय करायला लागला आहेस. चार शब्दांचे दोन झाले. 'वॉचा डुइन'शी मांडीला मांडी लावून बसेल असा शब्द आहे. पण 'वॉचा डुइन' म्हणणारं पोरगं अमेरिकेत जाईल असं आपल्याला वाटतं, 'करालायस' म्हणणारं बांधावर राहील असं वाटतं.

तुम्ही म्हणाल, बाई, प्रमाणभाषा म्हणून काही चीज असते की नाही? असते. तिथंच खरी गंमत आहे. प्रमाण मराठी आखडत नाही असं कुणी सांगितलं? 'करत आहे'चं 'करतोय', 'केलं आहे'चं 'केलंय', 'कुठे आहेस'चं 'कुठेयस', 'येत आहे'चं 'येतेय'. ही सगळी आखडलेली रूपं आहेत. ती मालिकांत चालतात, जाहिरातींत चालतात, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत चालतात. कथा-कादंबरीत तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पुण्यातल्या पोरीनं 'कुठेयस' लिहिलं तर ते बोलकं, सहज, आजचं. विट्याच्या पोरानं 'कुठायस' म्हटलं तर ते गावठी. 'ठे' आणि 'ठा' एवढाच फरक. एवढ्या एका मात्रेवर आपण माणसाची लायकी ठरवतो.

हा लेखच बघा. पहिल्या ओळीपासून मी 'केलं', 'झालं', 'म्हणालं' लिहितेय. 'केले', 'झाले', 'म्हणाले' असं नाही. मी 'लिहितेय' म्हणाले, 'लिहीत आहे' नाही. इथपर्यंत वाचताना तुम्हाला खटकलं का? नसणारच. मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे नियम केले, १९६२ मध्ये सरकारनं त्यातले चौदा मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. त्या नियमांतसुद्धा 'असं केलं', 'मी म्हटलं' या बोलण्यातल्या रूपांना संभाषणापुरती जागा दिली आहे, एरवी 'असे केले' लिहा म्हटलंय. म्हणजे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं की बोलणं आखडतं. फक्त ज्यांचं आखडणं त्यांच्या कानावर रोज पडत होतं, त्यांचं कागदावर आलं. आपलं त्यांच्या कानावर पडत नव्हतं.

मध्ये एकदा शाळा तपासणीला एक साहेब आले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं त्यांना उत्तर देताना 'मी वाचल्तं' म्हटलं. साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "मॅडम, ही कुठली भाषा शिकवलीयत तुम्ही?" शिकवलीयत. शिकवली आहेत. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आज तो शब्द आठवून हसू येतं. तेव्हा नुसती लाज वाटली होती.

ही लाज कुठून आली तेही सांगते, नाहीतर मी फार शहाणी आहे असं वाटायचं. बी.एड.ला असताना माझ्या सराव पाठाच्या शेऱ्यात एकदा लिहून आलं होतं, 'विषयज्ञान चांगले. भाषा ग्रामीण.' मी साताऱ्याच्या बाजूची, शेतात काम करणाऱ्या घरातली. मीही 'गेल्ते', 'आल्ते' म्हणूनच वाढले. त्या दोन शब्दांच्या शेऱ्यानंतर मी आरशासमोर उभी राहून 'गेले होते, आले होते' म्हणायचा सराव केलाय. भाचा आता 'गोना'चा करतो तसाच, फक्त उलट्या दिशेनं.

यात आणखी एक गाठ आहे. माझं नाव ऐकल्यावर लोक माझ्या मराठीकडं कान लावून बसतात. नीट बोलले तर "अरे वा, तुमचं मराठी किती छान!" चुकले तर "चालायचंच, त्यांच्यात उर्दू असते ना." शेजारची मराठा बाई 'गेल्ते' म्हणाली तर ती गावाकडची. मी म्हणाले तर मी मुसलमान. वास्तविक आम्ही दोघी एकाच विहिरीवर पाणी भरून तो शब्द शिकलो. म्हणून मी 'गेले होते'ला असं घट्ट धरलं, जसं काही ते माझं रहिवासी प्रमाणपत्र आहे. आणि ज्यांनी आयुष्यभर मार चुकवलेला असतो तेच पुढं जास्त जोरानं छडी मारतात. ते चौदा गोल त्या पोरासाठी नव्हतेच.

आणि उर्दूच्या तासाला मी काय करते? तेच. पोरगं घरी दख्खनी बोलतं. 'कायकू', 'मेरेकू', 'नक्को', 'ऐसाच'. मराठीचा 'च' त्यात आयता येऊन बसलाय. 'यहाँ-वहाँ'ला 'यां-वां' म्हणतं. मी लगेच टोकते, 'क्यों' म्हणायचं, 'मुझे' म्हणायचं, 'यहाँ' म्हणायचं. म्हणजे सकाळी मराठीच्या तासाला ते पोरगं चूक आणि दुपारी उर्दूच्या तासालाही चूक, आणि दोन्ही वेळा टोकणारी बाई एकच. दिवसभरात त्याच्या तोंडाला बरोबर ठरायला एकच जागा उरली, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास. ती फी देऊन.

उर्दूवाल्यांना, म्हणजे माझ्याच बिरादरीला, इथं दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मीर आणि गालिब 'यहाँ-वहाँ'चं 'याँ-वाँ' करतात, 'मेरा'चं 'मिरा', 'एक'चं 'इक', 'अगर'चं 'गर'. ते आपण वर्गात वजन म्हणून, बहर म्हणून समजावून सांगतो. शायरानं मात्रा वाचवली की कला आणि मिरजेच्या बागवानाच्या पोरानं वाचवली की जबान खराब? विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह, १५८० ते १६२७ पर्यंत गादीवर होता, त्यानं आपलं 'किताब-ए-नौरस' दख्खनीत लिहिलं. आपला हा सगळा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. बादशाहाच्या दरबारात जी भाषा ग्रंथाला चालली ती माझ्या वर्गात निबंधाला चालत नाही. पुढं १९६५ च्या 'गुमनाम'मध्ये महमूदनं तीच बोली बोलून सगळ्या देशाला हसवलं. तेव्हापासून दख्खनी म्हणजे विनोद, हे आपणही मान्य केलं. आपल्या आजीची भाषा आणि आपल्यालाच तिचं हसू येतं.

अरबीचंही बघा, म्हणजे 'पाक जबान' वाल्यांची तक्रार राहायला नको. 'बिस्मिल्लाह' लिहिताना 'इस्म'मधला अलिफ गाळलेला असतो. एरवी तो लिहितात, इथं लिहीत नाहीत. जुने अरबी व्याकरणकार कारण देतात की हा शब्द इतका वारंवार येतो की अक्षर झिजलं. आणि मदरशात जाणारं प्रत्येक पोरगं पहिल्यांदा जो तिसावा पारा शिकतं, त्याला आपण 'अम्म पारा' म्हणतो. ते 'अम्म' म्हणजे 'अन' आणि 'मा' हे दोन शब्द आखडून झालेला एक शब्द. म्हणजे आमच्या पोरांच्या शिक्षणाची सुरुवातच आखडलेल्या शब्दानं होते. तिथं कुणी लाल गोल काढत नाही.

आता अभिजाततेबद्दल. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्याही शाळेत पेढे वाटले, फलक लिहिला, तो मीच लिहिला. या दर्जासाठी मराठीचं जुनेपण दाखवायला महाराष्ट्री प्राकृत आणि हाल सातवाहनाची गाथासप्तशती पुढं केली जाते. ठीक आहे, अभिमान आहे. पण ही महाराष्ट्री प्राकृत कशासाठी प्रसिद्ध आहे? अक्षरं गाळण्यासाठी! संस्कृतातल्या दोन स्वरांमधली व्यंजनं तिनं धडाधड टाकून दिली. 'लोक'चं 'लोअ', 'गत'चं 'गअ', 'वचन'चं 'वअण', 'सागर'चं 'साअर'. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात कुठली व्यंजनं गळतात त्याचे नियमच आहेत. नियम लिहिलेत, गोल काढलेले नाहीत. त्या हिशेबानं 'गेलो होतो'मधला 'हो' गाळणारं माझं पोरगं दोन हजार वर्षांची परंपरा इमानेइतबारे चालवतंय. अभिजात दर्जाचा पेढा खरा त्याला द्यायला हवा होता.

देवकुलाचं देऊळ झालं, ते शुद्ध. सुवर्णकाराचा सोनार, कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सूत्रधाराचा सुतार झाला. ही तर हजेरीपटावरची आडनावं आहेत. मी रोज सकाळी आखडलेली आडनावं पुकारते आणि मग आखडलेल्या क्रियापदाला शिक्षा करते. पेशवाईतल्या पत्रांत 'जाहला' असतं, आज आपण 'झाला' लिहितो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत 'करितो' सापडतं, आज 'करतो'. 'नव्हतो' या शब्दात 'न' आणि 'होतो' एकमेकांत घुसलेत. कालचा घासलेला पैसा आज नवी नाणी म्हणून चालतो, आणि आजच्या घासणाऱ्या हातावर आपण छडी मारतो.

इंग्रजांनाही हा राग येऊन गेलाय बरं का. १७१० मध्ये जोनाथन स्विफ्टनं 'टॅटलर'मध्ये इंग्रजी शब्द छाटणाऱ्यांची खरपूस टर उडवली होती. पुढच्याच वर्षी 'स्पेक्टेटर'मध्ये ॲडिसननं 'कान्ट', 'शान्ट', 'वोन्ट' अशा रूपांबद्दल नाक मुरडलं. १७१२ मध्ये स्विफ्टनं इंग्रजी भाषा दुरुस्त करून कायमची पक्की करा असा प्रस्तावच मांडला. काय झालं? 'कान्ट' आणि 'वोन्ट' आज पहिलीच्या पुस्तकात आहेत. 'गुडबाय' हा मुळात 'देव तुमच्याबरोबर राहो' अशा अर्थाचा इंग्रजी वाक्याचा आखडून आखडून उरलेला गोळा आहे, हे तो म्हणताना कुणाच्या ध्यानातही नसतं. आणि तिकडंही सगळ्यांचं आखडणं सारखं नाही. 'एन्ट' हा शब्द एके काळी भल्या घरातले लोकही बोलायचे, नंतर मास्तर लोकांनी त्याच्यामागं लागून त्याला अडाण्यांचा करून टाकला. म्हणजे प्रश्न शब्द तोकडा आहे का हा कधीच नव्हता. तोकडा कुणी केला, हा होता.

स्पीकिंगच्या क्लासवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगते. उलट ते जे करतात ते शाळेत आधीच व्हायला हवं. आमची पोरं पुस्तकातलं 'आय ॲम गोइंग टू' पाठ करतात आणि कुणी खरा इंग्रजी बोलणारा समोर आला की त्यांना एक अक्षर समजत नाही, कारण तो पुस्तक बोलत नाही. ऐकून समजायचं असेल तर 'गोना', 'वाना' कानाखालून गेलेच पाहिजेत. आणि चांगला इंग्रजीचा शिक्षक हेही सांगतो की अर्ज लिहिताना 'डोन्ट' नको, 'डू नॉट' लिही. तो 'डोन्ट'ला चूक म्हणत नाही. बोलताना हे, लिहिताना ते, एवढंच सांगतो. माझी मागणी याहून मोठी नाही. जी अदब आपण परक्या भाषेच्या बोलण्याला देतो, ती आपल्या पोराच्या बोलण्याला द्या.

"मग काय दहावीच्या पेपरात 'गेल्तो' लिहू द्यायचं?" स्टाफरूममध्ये हे विचारलं गेलंच. नाही लिहू द्यायचं. मी वेडी नाही, आणि बोर्डाचा पेपर माझ्या घरी तपासला जात नाही. प्रमाण मराठी मी शिकवते आणि जीव तोडून शिकवते, कारण ती आली नाही तर माझ्या पोरांना नोकरीच्या दारात कुणी उभं करणार नाही. पण घरात दुसरा सदरा आहे म्हणून अंगातला फाडत नाही कुणी. "मुलाखतीत हसतात हो बाई." हसतात. मग सुधारायचं कुणाला, हसणाऱ्याला की बोलणाऱ्याला? आपण ऐंशी वर्षं फक्त बोलणाऱ्याला सुधारतोय.

आणि हसणाऱ्यांचं मला कळतही नाही. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' ही साताऱ्याकडची मालिका झी मराठीवर आली तेव्हा तीच माणसं टीव्हीसमोर बसून 'किती गोड बोलतात' म्हणत होती. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९ चं. त्याच्या नावात 'माणसे' नाही, 'माणसं' आहे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंची 'फकिरा' आहे. येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील गावरान भाषेत बोलायचे आणि त्यांच्या सभांना मैदानं पुरायची नाहीत. त्यांच्या प्रतिसरकारचं लोकांच्या तोंडात 'पत्रीसरकार' झालं, पायाला पत्र्या ठोकण्याची गोष्ट त्याला चिकटली, आणि इंग्रज कलेक्टरपर्यंत ती दहशत त्याच उच्चारात पोचली असणार. पुस्तकात ही बोली चालते, पडद्यावर चालते, मैदानात चालली. शाळेच्या फाटकाशी आली की मात्र तिला चप्पल बाहेर काढून ठेवायला सांगतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. ज्यांच्या सात पिढ्यांनी शाळा बघितली नव्हती अशा सगळ्या जातींची, आमच्याही घरची पोरं वसतिगृहात एका पंगतीला बसली. त्या पोरांनी पहिल्या दिवशी गुरुजींशी कुठल्या भाषेत तोंड उघडलं असेल? 'गेल्तो'च म्हणाली असतील. त्यांना कुणी तरी बोलू दिलं, म्हणून ती पुढं शिकली. शंभर वर्षांनी त्याच जिल्ह्यांत मी आठवीच्या पोराचं तोंड बंद केलं. हो, केलंच. त्या निबंधानंतर दोन महिने ते पोरगं माझ्या तासाला बोललं नाही. विचारलं की उभं राहायचं आणि 'येत नाही' म्हणून बसायचं. 'येत नाही' हे दोन शब्द मात्र एकदम प्रमाण मराठीत. चूक व्हायला त्यात जागाच नव्हती.

जानेवारीत मी लाल पेन बदललं. आता निबंध तपासताना शब्दाला हात लावत नाही. समासात पेन्सिलीनं लिहिते: 'लिहिताना: गेलो होतो'. एवढंच. वर्गात फळ्यावर तीन रकाने केले, इंग्रजी, मराठी, उर्दू. भाच्याच्या वहीतून 'गोना' घेतलं, पोरांनी 'गेल्तो', 'करालायस', 'कायकू' आणून दिले, गालिबचं 'याँ' मी घातलं. पोरांना हा खेळ वाटला. एकानं 'बिस्मिल्लाह' सांगितल्यावर डोळे मोठे केले आणि घरी जाऊन अब्बांशी वाद घातला, दुसऱ्या दिवशी अब्बा शाळेत आले होते. त्यांना कागदावर 'इस्म' आणि 'बिस्म' शेजारी शेजारी लिहून दाखवलं तेव्हा ते गप्प झाले, मग म्हणाले, "ये तो कभी सोचाच नै था." त्यांच्या 'सोचाच'कडं माझं लक्ष गेलं, पण मी काही बोलले नाही.

तास संपल्यावर ते चौदा गोलवालं पोरगं टेबलाजवळ आलं. फळ्याकडं बघत म्हणालं, "टीचर, मग बोलताना गेल्तो चालतंय?"

"चालतंय. मला आता सांग, त्या शेळीचं काय झालं? हिरीत पडल्ती ना?" दोन महिन्यांपूर्वी मी पानभर गोल काढले होते आणि शेळी वाचली का मेली हे वाचलंच नव्हतं.

"वाचली की! मामा दोर बांधून उतारल्ता. मी वरनं टोपलं सोडल्तं. टीचर, ती गाभण हुती, दोन करडं झाली नंतर."

मधली सुट्टी संपायची घंटा झाली तरी तो सांगतच होता.